शहाण्या लेकरांची ओसरी

आत्या, आज शाळा तपासायला डिप्टी आले होते आणि त्यांच्या तोंडून मला तूच बोलताना ऐकू आलीस. अकोल्याच्या मुलींच्या शाळेत मी बिगरीचा वर्ग सांभाळते. चार-पाच वर्षांच्या पोरी. कुणी चिंचोके मांडतेय, कुणी ते उधळतेय, एक तर माझ्या पदराला लोंबकळूनच अक्षरं म्हणते. डिप्टी दारातच थबकले आणि नाक मुरडून म्हणाले, "बाई, फार गलका आहे. आधी यांना गप्प बसायला शिकवा." मी मान डोलावली. मनात म्हटलं, ते माझ्या आत्याला विचारा, तिचा त्यात हातखंडा होता.

अमरावतीला तेव्हा कापसाला सोन्याचा भाव आला होता. कुठल्या तरी दूरच्या मुलखात लढाई जुंपलेली, आणि इकडे आमच्या भातकुलीकडच्या बाया शेठच्या आवारात उजाडल्यापासून रेचा फिरवून कापसातली सरकी काढतायत. त्यांची तान्ही, रांगती पोरं पूर्वीपासूनच ओसरीवर तुझ्या ताब्यात. तू पाय पसरून बसलेली, कनवटीला डबी. त्यातली अफूची गोळी, सरकीहून जराशी लहान, गुळात कालवून प्रत्येकाच्या तोंडात टाळूला लावायची. वर काय तो तोरा! "माह्याजवळचं लेकरू रडलं, असं कोनी सांगून दाखवावं." खरंच कुणी रडत नव्हतं. कुणी रांगत नव्हतं, कुणी माती खात नव्हतं, कुणी कुणाचे केस ओढत नव्हतं. त्याला तू वळण लावणं म्हणायचीस. असं वळण बाभळीच्या ओंडक्यालाही असतं. तरी बाया तुला दुवा द्यायच्या.

रडकं मूल तू पायरीवरूनच परत पाठवायचीस. "काहून आनलं वं हे किरकिरं? घेऊन जाय घरी." माझ्या आईलाही हेच, सख्खी भावजय असून. मूल परत गेलं की त्या दिवसाचं काम गेलं. म्हणून बाया घरून निघतानाच लेकराला थोडी अफू चाटवायच्या, तुझ्यासमोर ते शहाणं दिसावं म्हणून. आणि तू, पेंगणारं मूल डोळ्यांपुढे असूनही, नेमाने आपली गोळी देतच होतीस. कधी एकीला तरी विचारलंस का, की हे आधीच का पेंगतंय? तुला ते तुझ्या नुसत्या दराऱ्याने पेंगतंय असं वाटत असणार.

माझ्या भावाला दात येत होते. रात्रभर किरकिरला, म्हणून आईने त्या सकाळी जरा जास्तच चाटवलं. त्यावर तुझी गोळी. मी सात-आठ वर्षांची. लेकरांवरच्या माश्या वारायला तू मला बसवायचीस. दुपारी शेठ येतात आणि तू भावाला मांडीवर घेऊन दाखवतेस, "पाहा शेठजी, याले म्हन्ते शानं लेकरू. सकाळपासून हूं नाई का चूं नाई." शेठ हसतात. मी त्याचं पाऊल हातात धरते. "आत्या, याचा पाय गार लागून राहिला वं." तू माझ्याकडे बघतही नाहीस. "गप बस. झोपू दे त्याले." आई रेचा सोडून आली तेव्हा तो उठलाच नाही. तू मीठ-मिरच्या ओवाळल्यास, शेठची नजर लागली म्हणालीस, आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा डबी घेऊन ओसरीवर बसलीस. मला तुझी तेव्हाही किळस आली होती, आजही येते. घरी चाटवल्याचं आईने तुला कधीच सांगितलं नाही. मला सांगितलं ते अगदी शेवटच्या आजारात, भिंतीकडे तोंड करून. तिला मी माफ केलं. तुला करणार नाही. हा अन्याय असेल तर असो.

हे पत्र उद्या चुलीत जाईल. तुला कुठे पाठवणार, आणि तुला वाचता तरी कुठे येत होतं! डिप्टी जाताना हेडबाईंना म्हणाले, "वर्ग असा, पण बाई मात्र फार शांत आहेत." शाळेत सगळे तेच म्हणतात. भावाच्या आधी त्या मांडीवर मी होते, आत्या. हा शांतपणा माझा स्वतःचा की तुझ्या डबीतला, ते मला अजून कळलेलं नाही.