चारही पाय जमिनीवर

२ फेब्रुवारी, सोमवार

शेजारचे वकीलसाहेब आज आमच्या कुंडीत बसले — स्वेच्छेने नव्हे! फाटकातून दोन पावले आत आले, आणि आमच्या पाच महिन्यांच्या, अठरा किलोंच्या पिल्लाने त्यांच्या छातीवर पुढचे दोन्ही पाय टेकवून त्यांचे स्वागत केले. विजार झटकत म्हणाले, "मॅडम, फिर्यादी मी, आणि साक्षीदार ही कुंडी!" स्वतःच हसले. मी हसले नाही.

पिल्लू ही माझ्या निवृत्तीनिमित्त ह्यांनी दिलेली भेट. पत्नीला भेट देण्यापूर्वी पत्नीला विचारावे, एवढी गोष्ट बत्तीस वर्षांच्या संसारानंतरही पतीला सांगावी लागते. नावही ह्यांनीच ठेवले — धांदल्या. नाव ठेवतानाच भवितव्य ठरवून टाकले.

संध्याकाळी दादाचा फोन. आई सध्या त्याच्याकडे आहे. खुब्याच्या शस्त्रक्रियेला सात आठवडे झाले, वॉकर धरून चालते. एक मार्चला तिने माझ्याकडे यायचे, हे आम्हा भावंडांत ठरलेले आहे. दादा चाचरत म्हणाला, "आई म्हणते, तिच्याकडे कुत्रं आहे. मी नाही जायची."

तिचे बरोबरच आहे. चौऱ्याऐंशी वर्षांची हाडे. एक उडी, आणि ती पुन्हा जमिनीवर! अशा रुग्णांना मी जन्मभर भूल देत आले. दुसऱ्यांदा पडून टेबलावर आलेल्यांपैकी कितीजणी स्वतःच्या पायांनी घरी गेल्या, ते मला ठाऊक आहे.

हाताशी सत्तावीस दिवस. एक तर धांदल्या शिकेल, नाही तर दुसऱ्या घरी जाईल. आई येणारच.

३ फेब्रुवारी, मंगळवार

या विषयावरची तीन पुस्तके वाचून काढली. दोन सामान्य. तिसऱ्यात तत्त्व स्वच्छ मांडले आहे: उडी मारली की पाठ फिरवायची — बोलणे नाही, बघणे नाही, स्पर्श नाही. चारही पाय जमिनीवर आले की दोन सेकंदांच्या आत शाबासकी आणि चीजचा नखाएवढा तुकडा. घरात प्रत्येकाने हेच करायचे, अपवाद नाही.

नियम टंकून फ्रिजवर लावले. शेजारी तक्ता: तारीख, वेळ, व्यक्ती, उडी की नाही, शेरा.

ह्यांनी चष्मा लावून सगळे वाचले. "हे धांदल्याला वाचून दाखवायचं, की मी पाठ करायचं?"

"दोन्ही," मी म्हणाले.

५ फेब्रुवारी, गुरुवार

एकतीस उड्या. त्यांपैकी एक आरशातल्या स्वतःवर!

६ फेब्रुवारी, शुक्रवार

कामाच्या बाई अनपेक्षितपणे उत्तम. पिल्लू उसळले की हाताची घडी, नजर छताकडे, अगदी दगड. कसे जमते, विचारले. "ताई, भिंत व्हायचं. सासूबाईंपुढे तीस वर्षं तेच तर केलं!" स्पष्टीकरण अशास्त्रीय, कृती निर्दोष.

हे मात्र कच्चे. पाठ फिरवतात आणि खांद्यावरून बघून हसतात. हसणे हेही बक्षीसच! चार वेळा सांगितले. चौथ्यांदा म्हणाले, "अगं, मलाही चीज देऊन बघ ना एकदा."

८ फेब्रुवारी, रविवार

दादाकडे जाऊन आले. आई वॉकर फार पुढे टाकते — सुधारले. पाठ वाकवते — सुधारली. पाणी कमी पिते — दादाला वेळापत्रक लिहून दिले. पाचव्या फेरीला पाऊल अखेर बरोबर पडले. निघायच्या आधीच ती म्हणाली, "तू दमली असशील. नीघ आता." या वयातही तिचे माझ्याकडे किती लक्ष असते!

११ फेब्रुवारी, बुधवार

प्रशिक्षिका बोलावली. पंचविशीची, च्युइंगम चघळणारी, बुटांच्या नाड्या सुटलेल्या. मला "काकू" म्हणते. मी डॉक्टर आहे, हे दोनदा सूचित केले. "हो का काकू? भारीच!" तक्ता पाहून शिट्टी वाजवली. ती प्रशंसा होती की काय, कळले नाही. पद्धत बरोबर आहे म्हणाली. ते मला माहीत होते.

तरी एक कबूल करावे लागेल: तिच्यासमोर धांदल्या अर्ध्या मिनिटात बसला.

१५ फेब्रुवारी, रविवार

रंगीत तालीम. वॉकर भाड्याने आणला. ह्यांना आई केले. कमरेत वाकून हॉलमध्ये फेऱ्या मारू लागले, आणि आवाजही तिचा काढला — "हळू गं! माझं काय विमान सुटतंय?" इथवर ठीक. मग दाराशी थांबले आणि म्हणाले, "हो बाई, पाठ सरळ केली. हो बाई, पाणी प्यायले. आता श्वास घेतला तर चालेल का?" बाई भांडी टाकून हसत बसल्या. नक्कल अतिशयोक्त होती. आई असे कधीच बोललेली नाही.

धांदल्या वॉकरच्या रबरी टोकांना हुंगून बाजूला बसला. उडी नाही. शेरा: समाधानकारक.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आठवड्याचा हिशेब लावला. बाई — शून्य. हे — शून्य(!). वकीलसाहेब, चार भेटी — शून्य. मी — त्रेसष्ट.

त्रेसष्ट! आकडे पुन्हा तपासले. बरोबर आहेत.

नियम केले मी, पाळते मी, आणि उड्या माझ्याच अंगावर? माझ्या पाठीमागे कोणी तरी लाड करत असले पाहिजे. ह्यांना सरळ विचारले. "लाड करतो," म्हणाले, "पण बसल्यावर. तुझ्या नियमातच आहे ते. कलम चार." वाद जिंकता आला नाही. आई आली की तिची दोन्ही वेळची चालण्याची फेरी मीच घेणार. जिच्या अंगावर तो अजून झेपावतो, तीच तिच्या शेजारून चालणार. वकीलसाहेबांच्या ओळखीच्या एका कुटुंबाला पिल्लू हवे आहे. त्यांचा फोन क्रमांक मागून घेतला. ह्यांना सांगितले नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार

प्रशिक्षिका पुन्हा आली. म्हणाली, "काकू, तुम्ही रोजच्यासारखं वागा. मी इथे नाहीच." कोपऱ्यात बसून मोबाइलवर दहा मिनिटे चित्रण केले, मग मला दाखवले.

लिहिणे अप्रिय आहे, तरी लिहिते. धांदल्या उडी मारतो. मी पाठ फिरवते, हो — आणि पाठ फिरवून बोलते! "नाही. पुन्हा चुकलास. किती वेळा सांगायचं?" दहा मिनिटांत सात वेळा. आपण बोलतो, हे मला ठाऊकच नव्हते. मग तो बसतो. चारही पाय जमिनीवर, शेपूट फरशीवर आपटत, मान वर करून माझ्याकडे बघत. आणि मी? मी फ्रिजपाशी. तक्त्यात लिहिते आहे. तो बघतो, बघतो, वाट पाहतो. मग उठतो, आणि उडी.

"शहाणा आहे हो तुमचा," ती म्हणाली. "नीट बसलं की काकू लिहायला जातात. चुकलं की काकू भेटतात. तो बरोब्बर शिकलाय."

च्युइंगम चघळतच म्हणाली.

२२ फेब्रुवारी, रविवार

तक्ता काढला. जमिनीवर बसले. गुडघे कुरकुरले. अर्धा तास एक शब्दही बोलायचा नाही, असे ठरवले होते. फार कठीण गेले. त्याने कान उलटा दुमडून घेतला होता, तोही सरळ केला नाही.

तो आला, दोनदा फिरला, आणि माझ्या पावलावर हनुवटी टेकून झोपला.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

चार उड्या. अंदाजे. लिहून ठेवल्या नाहीत.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

अंतिम चाचणी. मी वॉकर धरून हॉलमध्ये. बाईंनी मुद्दाम ताट पाडले, ह्यांनी घंटा वाजवली, वकीलसाहेब मोठ्याने बोलत आत आले. धांदल्या थरथरला — नाकापासून शेपटीपर्यंत! — पण बसून राहिला. चीज दोन सेकंदांच्या आत दिले.

वकीलसाहेबांनी हात उंचावून जाहीर केले, "आरोपीची निर्दोष मुक्तता!"

तो फोन क्रमांक फाडून टाकला. ह्यांनी पाहिले. 

२८ फेब्रुवारी, शनिवार

दादाला कळवले: कुत्र्याची अडचण संपली, खोली तयार आहे, पलंगाची उंची मोजून घेतली आहे, उद्या अकराला घेऊन ये. तो म्हणाला, "बरं... आईला सांगतो." आनंद झालेला दिसला नाही. दादाला वेळेवर आनंद कधीच होत नाही.

१ मार्च, रविवार

आई आली नाही. अकराला तिचाच फोन आला. "कुत्र्याची भीती मला कधीच नव्हती गं. दादाला म्हटलं, तेवढं सांग, म्हणजे तिला वाईट वाटणार नाही. मला तुझ्यासमोर चालायची भीती वाटते."

 विचारले — मी तिकडे आले तर चालेल?

"ये की. नुसती ये."