सरांची मुलं

२५ जुलै २०१५, शनिवार

आले एकदाची! चांगी विमानतळावर सगळीकडे गालिचा. बॅगेच्या चाकांचा आवाजच येईना, म्हणून दोनदा मागे वळून पाहिलं, आहे ना मागे म्हणून. मैत्रेयीताई घ्यायला आली होती. माझी सख्खी मोठी बहीण, नऊ वर्षं इथे आहे आणि आता रांगेत उभं राहायलाही तिला आवडतं. घर बुकित बातोकला, अकराव्या मजल्यावर. खिडकीतून झाडीची टेकडी दिसते. खाली साळुंक्या आहेत, पण आपल्या नव्हेत. काळ्या, आणि भलत्याच आगाऊ. एकीने माझ्या हातातला टोस्ट पळवला, तर शैलेंद्रजिजू म्हणाले, चला, हिच्या तोडीचं कोणीतरी भेटलं.

ही वही ताईने दिली. आजवर काय काय सोडलंस ते लिही, म्हणाली, मग काय धरायचं ते कळेल. तर लिहिते. बी.ए. दुसऱ्या वर्षाला. हिंजवडीचं कॉल सेंटर चार महिने. तारकर्लीला पर्यटकांना पाण्याखालचे मासे दाखवणं, एक हंगाम (हे बरं होतं). नाटक कंपनीत कपडेपट, अर्धा दौरा. वय चोवीस.

ताईने माझ्यासाठी काम शोधूनही ठेवलंय. सुलेखामावशी म्हणून तिच्या ओळखीच्या आहेत, बँकेत असतात. त्या इथल्या मराठी मुलांचा रविवारचा वर्ग चालवतात. मुलांना शाळेत हिंदी, बाहेर इंग्रजी, मराठी फक्त आईने ओरडताना. आधीचे सर मार्चपासून येत नाहीत. मी म्हटलं, मला व्याकरणातलं काही येत नाही. मावशी म्हणाल्या, तुला बोलता येतं ना, मग झालं तर. ताईने अट घातलीय: तीन महिने शिकवून बघ, जमलं तर परत जाऊन डी.एड. कर, नाही जमलं तर नाही. पण यावेळी पळायचं नाही.

२ ऑगस्ट, रविवार

पहिला वर्ग. आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावरची खोली, पंखे, पांढरा फळा, नऊ मुलं. सगळ्यात मोठा सारंग, दहा वर्षांचा. सगळ्यात छोटा अनिमेष, सात, पुढचे दात नाहीत. आणि निशिगंधा, नऊ वर्षांची, दोन वेण्या, जी माझ्याकडे फळा पुसायच्या फडक्याकडे बघावं तसं बघते.

मी गाणी म्हटली, नकला केल्या, माशाचं सोंग आणलं. कोणी हसलं नाही. शेवटी सारंगला दया आली. नेव्हर माइंड टीचर, म्हणाला, फर्स्ट डे ओन्ली. निशिगंधाने लगेच सांगून टाकलं की सरांच्या पहिल्या दिवशी सगळे हसले होते.

एक गंमत. विचार करायला लागली की सगळी मुलं डाव्या कानाची पाळी ओढतात. नऊच्या नऊ! सरांची लकब म्हणे. आणि काय मराठी बोलतात! पडवी, पन्हळ, परसदार. अनिमेष जन्मापासून सोळाव्या मजल्यावर राहतो आणि मला सांगतो की परसदारी रातांब्याखाली घसरायला होतं, जपून जा.

काय शिकवलं असेल या माणसाने. मला कौतुक वाटलं. खरं लिहायचं तर कौतुक थोडं, जळफळाट जास्त.

१६ ऑगस्ट, रविवार

घसा बसलाय. शिकवणं म्हणजे दोन तास ओझं डोक्यावर धरून हसत उभं राहणं. शनिवारी रात्री झोप लागत नाही. पालक वेगळेच: एक आई म्हणाल्या की प्रबोध सर असते तर एव्हाना धडा संपला असता. त्यांचं नाव प्रबोध, तुआसच्या कारखान्यात इंजिनिअर होते, एवढं कळलं. का सोडलं विचारलं तर सुलेखामावशी तब्येत म्हणाल्या आणि पोहे वाढायला लागल्या.

मी काहीही सांगितलं की निशिगंधा कान ओढते. सर नेव्हर लाइक दॅट वन, लाह. (हे 'लाह' इथे प्रत्येक वाक्याच्या शेपटीला असतं.) सर असं नाही सांगत. मी विचारलं, मग कसं सांगतात? तर तिने सांगून दाखवलं, इतकं सुरेख, अगदी मोठ्या माणसासारखा मध्ये श्वास घेऊन, की मीच ऐकत बसले. मग घरी येऊन ताईवर उगाच ओरडले.

सोडून द्यावं वाटतं. पण गंमत बघ, आजवर मी कंटाळा आला म्हणून सोडत आले. इथे कंटाळा नाही. इथे मला हवंय ते दुसऱ्या कोणाचंतरी आहे.

४ सप्टेंबर, शुक्रवार

इथला शिक्षक दिन आज असतो. मुलं वर्गात रविवारऐवजी आजच आली, रंगीत कागदाची कार्डं घेऊन. नऊ कार्डं. मी आधीच चेहरा तयार ठेवला होता, अय्या माझ्यासाठी, वगैरे.

नऊही प्रबोध सरांना.

अनिमेषला माझं वाईट वाटलं असावं. त्याने खिशातून चघळायची गोळी काढून दिली, अर्धी.

मी म्हटलं, द्या इकडे, मी पोचवते. म्हटलं बघू तरी कोण हा महाभाग.

६ सप्टेंबर, रविवार

पोचवली.

दोन इमारती सोडूनच राहतात. दार त्यांच्या बायकोने, नीलिमाताईंनी उघडलं. मराठी वर्गातून आलेय म्हटल्यावर त्यांनी दार लोटून घ्यायलाच घेतलं, मग माझ्याकडे बघून थांबल्या. किती लहान आहेस गं तू, म्हणाल्या.

सर खिडकीशी बसले होते. चाळिशीचे, धडधाकट, दाढी नीट केलेली. मी कार्डं हातात दिली. त्यांनी उलटी धरली, रंग बघून छान हसले. नीलिमाताईंनी पेला दाखवून विचारलं, हे काय रे? ते पेल्याकडे बघत राहिले, पाहुण्याकडे बघावं तसे. हात मांडीवर नुसते ठेवलेले. मी वाट पाहत होते की आता कान ओढतील. नाही ओढला. ती सवय आता त्यांच्याकडे नाही.

सगळे स्कॅन झाले, सगळं साफ आहे, असं डॉक्टर म्हणतात. नीलिमाताई सांगत होत्या, आवाज अगदी कोरडा: दर रविवारी वर्गाहून येताना तो इतका खूश असायचा. थकायचाच नाही. आधी त्याच्या गावचं घर गेलं, म्हणजे आठवेना. मग आईचं नाव. मग एक दिवस मार्केटात तो सारंग भेटला आणि त्याने मला 'नीलू, छत्री घेतलीस का' असं विचारलं. दहा वर्षांचं पोर. याच्या आवाजात. हा शेजारी उभा, आणि याला छत्री म्हणजे काय ते माहीत नाही.

ताईने त्यांना माझ्याबद्दल सांगितलं असावं. लिफ्टपर्यंत सोडायला आल्या आणि म्हणाल्या, तू पळपुटी आहेस असं ऐकलंय. मग पळ ना बाई. कशाला थांबलीस?

भीती वाटली. खूप. लिफ्टमध्ये दोनदा चुकीचं बटण दाबलं. पण हे माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही म्हणून लिहिते. खाली येईपर्यंत भीतीच्या खाली दुसरंच काहीतरी होतं. त्या माणसाचं मुलांनी सगळं घेतलं. पडवीसकट, बायकोच्या नावासकट. एवढा तो त्यांना हवा होता.

आणि माझं? महिना झाला. नऊ मुलांपैकी एकालाही माझं काही घ्यावंसं वाटलेलं नाही.

८ सप्टेंबर, मंगळवार

शाळांना सुट्टी आहे, म्हणून मावशींनी आठवडाभर रोज वर्ग ठेवलाय. सरांचं ताईला सांगितलं नाही. जाणार नव्हते. गेले.

पुस्तक बंद केलं आणि सांगलीचा पूर सांगितला. बाबा मला सायकलवर पुढे बसवून पुलाजवळ घेऊन गेले होते, पाणी बघायला. मी सहा वर्षांची. मुलं पुढे सरकली. आणखी पुढे. अनिमेष तर माझ्या पायावरच बसला. पंखा ऐकू येईना.

वर्ग सुटला तर घसा ठीक, दमणूक गायब. हलकं हलकं. यालाच म्हणतात का जमणं?

१३ सप्टेंबर, रविवार

सारंगने आज पूर सांगितला. मी आणि बाबा गेलो होतो, म्हणाला. 'मी.' वाहत्या पाण्यात त्याची चप्पल पडली आणि तो रडला, आणि बाबांनी त्याची दुसरी चप्पलही पाण्यात फेकून दिली, म्हणजे जोडीला जोडी.

चपलेचं मी सांगितलं नव्हतं.

घरी येऊन बराच वेळ आठवत बसले. पुलाजवळ सायकल आहे. मागे कोणीतरी आहे. त्याचा चेहरा आणायला गेलं की सारंगचा येतो.

ओरडावं, पळावं, असं वाटायला हवं होतं. मी आरशासमोर उभी राहून हसत होते. त्याने माझं घेतलं! आठ मुलं आता विचार करताना कपाळावरची बट फुंकरीने उडवतात, बट नसली तरी. ते माझं आहे. कान फक्त निशिगंधाच ओढते.

१७ सप्टेंबर, गुरुवार

गणपती बसले. आरतीला दुसऱ्या ओळीला माझं तोंड उघडं आणि आत काही नाही. पाहुणे आले होते, त्यांच्यातला अनिमेष पुढे झाला आणि त्याने पुरी म्हटली. दात नसलेल्या तोंडातून माझा आवाज. ताईने तबक खाली ठेवलं.

नंतर तिने मला स्वयंपाकघरात धरलं, आईचं नाव विचारलं. सांगितलं मी. जरा वेळ लागला. ती म्हणाली वर्ग बंद. मी म्हटलं, पळायचं नाही ही तुझीच अट. ती रडली. मला वाटलं, हिला हेवा वाटतोय. वर्गावरून. माझ्यावरून.

२० सप्टेंबर, रविवार

तारकर्ली गेली. पोरं मासे दाखवत एकमेकांच्या अंगावर पोहत होती. मी देत नाही, ती मागतातच. टीचर, दॅट वन गिव्ह मी लाह. भांडतात सुद्धा. माझ्यासाठी!

निशिगंधा मागत नाही. भिंतीशी बसून कान ओढत असते. सगळे माझे झाले, ही एक सरांची. आज तिच्यासमोर गुडघ्यावर बसले आणि म्हटलं, तुला काय आवडेल सांग, काहीही. ती म्हणाली, सर्स वन इज नाइसर.

रात्रभर जळत होते.

२५ सप्टेंबर, शुक्रवार

बाहेर धूर. पलीकडच्या बेटावर जंगलं जळतायत म्हणे. शाळा बंद. टेकडी दिसत नाही.

तिकीट काढलंय. रविवारी दुपारी, ताई बरोबर येणार. तोवर ती दार बाहेरून लावते. मी या वहीची मागची पानं वाचली. ही कपडेपटवाली मुलगी मजेशीर आहे. कोण —

नाही. मी आहे ती. मीच.

जावं. आता तरी जावं. अजून आईचं नाव आहे. मी ते हातावर लिहून ठेवलंय. परत जाऊन दुसरं काहीतरी — सोडायची तर सवयच आहे.

फक्त निशिगंधा. ती त्यांचीच राहील मग. कायमची. ते खिडकीशी बसून काही न करता जिंकणार.

२७ सप्टेंबर, रविवार

जिजू ते — चाकांचं — सामान खाली नेत होते. दार उघडं राहिलं. वही घेऊन जिन्याने उतरले. अकरा. मोजले.

खोलीत सगळी आहेत. धूर आत पण. सुलेखा... त्या पोहेवाल्या बाई, मला बघून उभ्या राहिल्या, जा गं, म्हणाल्या, तुझी बहीण शोधतेय. मग मुलांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्या परत खुर्चीत बसल्या.

मी निशिगंधाला म्हटलं, सगळं घे. निवडत नको बसू.

कान सोडला! तिने — हात खाली आणला, बघ. माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदा. इतके मोठे डोळे.

हातावर काहीतरी लिहिलंय. नाव असावं बाईचं. तिने वाचलं आणि 'आई' म्हणाली. गोड म्हणाली. कोणाची?

बाहेरून कोणीतरी दार वाजवतंय, रडतंय, एकच हाक मारतंय. मुलं म्हणतात लक्ष देऊ नको. देत नाही. अजिबात ताण नाही. हेच माझं काम. आता ठरलं, पक्कं, आयुष्यात पहिल्यांदा. मी आता खरी — फळ्यापाशी उभी राहून मुलांना जी — तो शब्द. होता इथेच. निशिगंधाला माहीत आहे, तिला विचारलं. ती हसली, कपाळावर फुंकर मारली. माझ्यासारखी! माझी झाली. हात पुढे केलाय, म्हणते, टीचर, एकच राहिलंय, ते पण दे लाह.

काय राहिलंय? शोधते. थांब हं. हे बघ, हे एवढंसं, मी —