डाव्या गुडघ्याचं खरं

आई, आज दवाखान्यात एका बाईनं आपल्या लेकीचा पाय इंजेक्शनसाठी दाबून धरलेला पाहिला, आणि तिथं थांबवेना. भूकंपानंतर लातुरात सगळे घराबाहेर झोपायचे. मी नऊ वर्षांची. सकाळी डावा गुडघा असा आखडलेला असायचा की तासभर उभं राहता येत नसे. पोरीनं धसका घेतला, असं लोक म्हणायचे. पण सूज त्याच्या आधीची होती, हे तुला माहीत होतं. तुझा घोर वेगळाच होता. पुन्हा जमीन हलली तर सगळे पळतील, आणि ही?

नांदेडचे डॉक्टर म्हणाले, संधिवात लहान मुलांनाही होतो; गुडघ्यातलं पाणी काढून तिथंच स्टिरॉइड सोडावं लागेल. बाबा म्हणाले, "त्यानं हाडं ठिसूळ होतात, लोक सांगून राहिले. थांबू थोडं." तू म्हणालीस, "धरणी थांबणार हाय का?" आणि तुझ्या नोकरीच्या शाळेत रजा टाकून मला घेऊन एकटीच एस.टी.त बसलीस. लोह्याला गाडी थांबली तेव्हा मी परत चल म्हणून रडत होते; तू खिडकीबाहेर बघत राहिलीस. टेबलावर तू माझ्या मांड्यांवर ओणवी होतेस. "रडायचं तर रड, पाय हलवू नको." सुई आत जाते आणि मी तुझ्या दंडाला चावते. तू हात काढत नाहीस. पंधरवड्यात मी पळू लागले. मोकळ्या मैदानात तू "आणखी एकदा" म्हणत मला पळवायचीस आणि तोंडाला पदर लावून रडायचीस.

दहावीनंतर बारावीच्या एका नावाजलेल्या क्लासला माझा नंबर लागला. कुठकुठल्या जिल्ह्यांतून पोरं त्यासाठी लातुरात येत होती. वर्ग तिसऱ्या मजल्यावर. दिवाळीनंतर गुडघा पुन्हा सुजला. सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी नांदेड गाठलं असतंस, आणि बॅच बुडाली असती. मी तुझ्याआधी उठून भिंतीला धरून पाय मोकळा करायचे. सात महिने. तुझ्या लक्षात आलं तोवर पाय सरळ होईनासा झाला होता. डॉक्टरांनी विचारलं, "किती दिवसांपासून?" मी म्हणाले, "पंधरा दिवस." तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस, इतका तुझा विश्वास. पुन्हा इंजेक्शन दिलं, सूज उतरली, पाय वाकडाच राहिला. बाबा म्हणाले, "तवाच सांगितलं होतं, त्या औषधानं केलं हे."

शेवटच्या आजारपणात तू माझ्या गुडघ्यावर हात ठेवून विचारलंस, "मी तवा घाई केली का गं?" मी "नाही" म्हणाले. तेवढंच. त्या एका सुईनं मला सहा वर्षं पळता आलं, आणि पाय माझ्या खोटेपणानं गेला, हे म्हणायला तोंड उघडलं नाही.

हे पाठवायला पत्ता नाही. बाबा मात्र पलीकडच्या खोलीत आहेत, आल्यागेल्याला अजून तुझीच चूक सांगतात. त्यांनाही मी खरं सांगितलेलं नाही.