मग चिखल कोणी काढायचा

सर, तुमच्या सायकलची साखळी कव्हरला घासायची, खर्रक्-खर्रक्, आणि भडगावच्या शाळेत आमची बोटं आपोआप कवितेचं पान शोधू लागायची. अजूनही गल्लीत कुणाची सायकल तशी वाजली की मी चष्मा शोधतो.

त्या दिवशी तुम्ही कमळ शिकवत होता. चिखलात राहून त्याला चिखल लागत नाही, तसे व्हा, म्हणालात. मी हात वर करून विचारलं, "मग चिखल कोणी काढायचा, सर?" वर्ग हसला आणि मी बाहेर निंबाखाली उभा. तास संपल्यावर तुम्ही जवळ येऊन हळूच म्हणालात, "प्रश्न बरोबर आहे रे. उत्तर मला येत नाही. वर्गात सांगू नकोस." मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

उत्तर आता सापडलंय, सर. जलपर्णी. जळगावात माझ्या घरामागच्या नाल्याला कारखान्यांचं पाणी येतं. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या लेकीनं ते अंगणातल्या हौदात भरलं आणि वर जलपर्णी सोडली. तिची मुळं पाण्यातलं शिसं ओढून घेतात. म्हणजे विष पाण्यातून निघतं आणि झाडात जाऊन बसतं. म्हणून काढलेली झाडं ना खताला चालत, ना चाऱ्याला. कॉलेजची गाडी येईपर्यंत ती गोणीत बांधून ठेवायची, एवढंच काम माझ्याकडे. "आबा, आधी गोणीचं तोंड बांधा, कविता नंतर," असं ती रोज बजावते.

शेजारच्या अक्का धुळ्याकडच्या. त्यांना हे पटत नाही. "आबा, इतला हिरवा चारा गोणीमा कोंबतस, मनी म्हैसले द्या ना."

"अक्का, त्यात शिसं आहे."

"शिसपेन्सिल तं मना नातू रोज चावस. त्याले काय व्हयनं?"

मी नुसतंच नको म्हणालो, तर मला कंजूष म्हणून गेल्या.

आज हौदातल्या जलपर्णीला जांभळं फूल आलंय. कमळ बिचारं अंग चोरून वर राहतं. हिनं सगळं पोटात घेतलं आणि वर फूलही दिलं. ओळ सुचली म्हणून तुम्हाला लिहायला बसलो. खरं सांगतो, सर, गोणीचं तोंड बांधायचं राहिलंय. मघाशी आठवलं होतं, पण ओळ जुळत आली होती. उठलो नाही.

दारात सावली पडली म्हणून वर पाहिलं. अक्का असतील, म्हटलं. अक्का नाहीत. त्यांची म्हैस आहे, तुटलेलं दावं ओढत आलेली. गोणी माझ्या खुर्चीमागे आहे, आणि म्हशीला थोपवायला माझ्या हातात एकच पान आहे, हे.