सकाळी काढलेलं तोंड

ती. ताईस,

वाकून नमस्कार (कॅमेरा नसतानाही घातलेला). भाऊजींचा गुडघा कसा आहे? माझा घसा तसाच आहे. चिऊ कशी आहे हे विचारायची हिंमत नाही, पण विचारतो. तुम्ही मायलेकी फोन उचलत नाही, म्हणून शेवटी हे पत्र लिहायला बसलो.

तुझा राग मला मान्य आहे. सख्खी भाची गाण्याच्या स्पर्धेत जीव ओतून गाते आणि परीक्षकाच्या खुर्चीतला सख्खा मामा एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करतो, हे झाडून सगळ्या नातेवाइकांनी टीव्हीवर पाहिलं. (नातं लपवायचं हे चॅनलचंच फर्मान होतं, माझं डोकं नव्हे.) पण आमच्या धंद्यातली एक गोष्ट ऐक. आम्हा परीक्षकांचे चेहरे गाणं चालू असताना टिपत नाहीत. सकाळी मेकअप ताजा असतो तेव्हाच सगळे उरकून घेतात: एक हसू, एक रडू, एक थक्क होणं, एक नाराजी. समोर गायक नसतो, एक पालथी बादली असते, तिच्याकडे बघून गहिवरायचं. (त्या बादलीसाठी मी जेवढा रडलोय तेवढा बाबांचा मार खाऊनही रडलो नव्हतो.) मग एडिटर हवा तो चेहरा हवा तिथे चिकटवतो. तुला ही फसवणूक वाटेल, पण माझी सगळी कारकीर्दच अशी आहे. माझं एकुलतं एक गाजलेलं गाणं मी खरोखर गायलो ते एकदाच, स्टुडिओत. तेव्हापासून दुकानांच्या उद्घाटनांना ते वाजतं आणि मी ओठ हलवतो. एकदा वीज गेली, गाणं बंद पडलं, तरी मी डोळे मिटून ओठ हलवतच राहिलो. लोकांनी हसून हसून टाळ्या वाजवल्या, आणि त्यानंतरच टीव्हीवाल्यांनी मला बोलावलं.

तर त्या सकाळी बादलीसमोर बसल्या बसल्या मी घशाचं कडू औषध घेतलं. कॅमेरा चालू होता. ते तोंड एडिटरला इतकं आवडलं की त्यानं जपून ठेवलं आणि नेमकं चिऊच्या तानेवर डकवलं. ती गात होती तेव्हा मी रडत होतो गं, खरंखुरं. आई कामं करता करता गुणगुणायची ना, तो आवाज चिऊच्या गळ्यात आहे. नाक वाहिलं, मेकअप ओघळला, मेकअपवाल्या बाई माझ्यावर खेकसल्या. एका कॅमेऱ्यात ते चुकून टिपलंही गेलं, पण दिग्दर्शकानं पाहिलं आणि हे रडणं खोटं वाटतंय म्हणून कापून टाकलं.

एवढं चिऊला सांग. तिनं गाणं सोडलं असं भाऊजींनी चोरून कळवलं, तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. आपल्या घरात गाता येणारी ती एकटीच आहे, आणि हे मी शुद्धीत लिहितोय.

तुझा,
बाळ्या

ता.क. : मला लगेच माफ करू नकोस. मामा-भाचीचं नातं बाहेर फुटलंय आणि लोकांना भांडण फार आवडलंय, त्यामुळे चॅनल आपली दिलजमाई तुझ्याच घरात टिपणार आहे. रविवारी सगळे येतोय. चिऊला पुन्हा गायला मिळेल, तेही पूर्ण गाणं, हे मी कबूल करून घेतलंय. तोवर राग टिकव. दार उघडताना तर चांगली खडसाव मला.

आणखी एक ता.क. : माफी मागतानाचं माझं रडणं आज सकाळीच बादलीसमोर उरकलंय. त्यामुळे तुझ्या दारात मला कामासाठी रडायची काही गरज नाही. तरीही रडलो, तर टॉवेल दे.