आगबोटीवरची वाघीण

प्रिय माय,

वर आधी 'प्रिय मावशी' लिहिलं आणि खोडलं. इतकी वर्षं तुला मावशी म्हणावं लागलं, हाताला तीच सवय झाली आहे. आता तू नाहीस, तेव्हा माय म्हटलं म्हणून कोण टोकणार आहे? तुला वाचता येत नव्हतं. तू असतीस तर हे पत्र तुला कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, आणि मग मी ते लिहिलंच नसतं.

परवा देऊळघाटला तुझी तेरवी झाली. काल मी आणि मावशी एसटीने खामगावला परत आलो. मावशी म्हणजे तुझी धाकटी बहीण, जिला मी नऊ वर्षांची असल्यापासून आई म्हणते. बोथ्याच्या घाटात वळणांमुळे तिला गाडी लागली. मी तिची पाठ चोळत बसले. जरा बरं वाटल्यावर ती माझ्याकडे बघून एक वाक्य बोलली, आणि तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. ती आत झोपली आहे आणि मी तुला लिहायला बसले आहे. मावशी काय बोलली ते सांगते, पण आधी बोटीवरच्या त्या शेवटच्या दिवसाचं बोलू. गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. तू जिवंत असताना तरी कुठे भांडू दिलंस?

तुला आठवतं का, किती हौसेने निघालो होतो आपण? महाराष्ट्र होऊन दोन वर्षं झाली होती, मे महिना होता, वावरं रिकामी पडली होती. खामगावच्या जिनिंगमध्ये कामाला असलेल्या काकांनी, म्हणजे मावशीच्या यजमानांनी, टूम काढली की सगळ्यांनी मिळून समुद्र बघायचा. मुंबईहून आगबोटीने पणजी आणि आगबोटीनेच परत. मावशी आणि काका दोघं, आणि आपण पाच. तू, बाबा, लीलाताई, मी आणि कडेवरचा बंडू. देऊळघाटात कुणी समुद्र पाहिला नव्हता. लोक निरोप द्यायला वेशीपर्यंत आले होते.

तू तर आपल्या विहिरीच्या पाण्याची घागर घेऊन निघालीस. "तिकडचं पाणी खारं रायते म्हणे, लेकरं काय पेतीन?" मुंबईपर्यंत ती घागर तू मांडीवरून खाली ठेवली नाहीस. आणि बाबांनी पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हा बराच वेळ कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "एवढं पाणी, आन् वावराच्या काई कामाचं नाई." काका पोट धरून हसले होते. मीही हसले होते. ती सहल माझ्या आयुष्यातली सगळ्यात आनंदाची आठवण होऊ शकली असती, माय. ती तू माझ्याकडे राहू दिली नाहीस.

परतीचा दिवस. सकाळी पणजीहून बोट सुटली आणि दुपारपासून वारा सुटला. बोट अशी डोलायला लागली की एकेक जण आडवा झाला. बाबांनी डोक्यावरून उपरणं ओढून घेतलं. बंडू ओकून ओकून निळा पडला. लीलाताई तुला बिलगली होती, तुझा पदर मुठीत धरून, आणि पाच-पाच मिनिटांनी विचारत होती, "माय, जमीन कधी येईन वं?" तू लिंबू हुंगत खालच्या डेकवर सतरंजीवर पडली होतीस. तुझा तसा चेहरा मी त्याआधी पाहिला नव्हता.

फक्त मी उभी होते. पाणी आणून दे, बंडूचं तोंड पूस, बाबांना पिशवीतलं लिंबू काढून दे. तू डोळे किलकिले करून माझ्याकडे पाहिलंस.

"शके, तुले मयमय नाई होत का वं?"

"काईच नाई होत मले."

"सगये पडले, आन् हे पोट्टी पाय कशी टुणटुण फिरून राह्यली." मग तू मावशीकडे वळून म्हणालीस, "वाघीण हाय माही शकी."

वाघीण! तुला कल्पना आहे का त्या एका शब्दाने मला काय झालं? लीलाताई देखणी, तिचं कौतुक गावभर. बंडू तर नवसाचा. मी मधली. माझ्या वाट्याला "शके, शेण उचल" आणि "शके, उगी राय." त्या दिवशी पहिल्यांदा तू मला सगळ्यांसमोर 'माझी' म्हणालीस.

मग मी डब्यातला शेंगदाण्याचा लाडू काढला आणि तुझ्यासमोर बसून खाल्ला. मुद्दाम. बघ, मला काही होत नाही. तुम्ही दोघी बहिणी माझ्याकडे बघत होतात, मग एकमेकींकडे बघत होतात. तू मावशीच्या कानाशी लागून काहीतरी बोललीस. मावशीने आधी मान हलवली, नाही नाही अशी. तू पुन्हा बोललीस. मग मावशी पदराने डोळे पुसायला लागली. मला वाटलं, तिलाही बोट लागली. मला वाटलं, तुझं माझं कौतुक अजून चालूच आहे.

संध्याकाळी तू म्हणालीस, "आज मावशीजवळ झोप. बंडूनं सतरंजी खराब केली." मी झोपले. मावशीने रात्रभर माझ्या अंगावर हात ठेवला होता. मला तो जड वाटत होता, पण पाहुण्या माणसाचा हात कसा काढणार?

आणि मग मलकापूर.

मुंबईत बोटीवरून उतरलो, आणि रात्री तिथून सुटलेली गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी मलकापूरला लागली. बुलढाण्याकडे जाणाऱ्यांनी तिथं उतरायचं, खामगावकडच्यांनी पुढे जलंबला. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. जातानाही मावशी-काका जलंबलाच तर चढले होते. पण तू माझा हात उचलून मावशीच्या हातात दिलास आणि म्हणालीस, "मावशीचा हात सोडू नोको बरं. मी सुरईत पाणी भरून आणतो."

बाबा ट्रंक घेऊन उतरले. लीलाताई उतरली. तिच्या कडेवर बंडूही उतरला. मी मावशीला विचारलं, "पाणी भराले सगये काऊन उतरले?" तिने माझा हात आणखी घट्ट धरला. काका खिडकीबाहेर बघत होते.

नळ माझ्या खिडकीसमोरच होता. तू पाठमोरी होतीस. सुरई भरली, भरून वाहायला लागली, पाणी तुझ्या पायांवर पडत होतं, तरी तू नळ बंद केला नाहीस. गाडी हलली. मी ओरडले, "माय, गाडी सुटून राह्यली!" तू वळली नाहीस. एकदाही नाही.

आणि मी काय केलं? मी मावशीचा हात सोडला नाही. तू सांगितलं होतंस ना. गाडीने अजून वेग घेतला नव्हता, दार चार पावलांवर होतं, मला उडी मारता आली असती. मी आडदांड होते, झाडावरून उड्या मारणारी. पण मी तुझा शब्द मोडला नाही आणि तू मात्र पाणी घेऊन आली नाहीस.

मला सांगितलं असतंस तर? "शके, मावशीला लेकरू नाही, दोन झाली ती जगली नाहीत, तू जातेस का?" असं विचारलं असतंस तर मी रडले असते, पाय आपटले असते, आणि बहुतेक गेलेही असते. वाघीण ना मी. तू विचारलंच नाहीस. बाजारात नेलेल्या गोऱ्ह्याला तरी निघताना घास भरवतात.

लोक म्हणतात, बरंच झालं की पोरीचं. खामगावात शाळा मिळाली, शिकली, मास्तरीण झाली, चांगलं घर मिळालं. लीलाताईला सातवीनंतर घरी बसवलं. खरं आहे. मावशीने मला फुलासारखं वाढवलं, तेही खरं आहे. म्हणून कुणाला काही म्हणायची सोय राहिली नाही. ज्याचं चांगलं झालं त्याने रडायचं कशाला?

दरवर्षी दिवाळीला मी देऊळघाटला यायचे, पाहुणी म्हणून. तू मला पाट द्यायचीस. लीलाताई आणि बंडू जमिनीवर बसायचे. माझ्या ताटात तुपाची धार जास्त असायची आणि निघताना झंपराचं कापड. तू मला शकी म्हणायचं सोडलंस. "शकुंतला, अजून एक पोयी घे." मला ती पोळी नको होती. लीलाताईला तू "कार्टे" म्हणून हाक मारायचीस आणि ती तोंड वाकडं करायची, तेव्हा मी ताटात बघत राहायचे. एकदा तरी माझ्यावर खेकसायचं होतंस, माय.

मनात एकच प्रश्न होता. मलाच का? लीला का नाही? मी अभ्यासात बरी म्हणून? मी काळी म्हणून? बंडूच्या नवसात मी आडवी आले होते म्हणून? मी कितीदा तुझ्या चुलीपुढे हा प्रश्न तोंडापर्यंत आणून गिळला. तू म्हणायचीस, "काई होऊन राह्यलं का?" आणि मी म्हणायचे, "काईच नाई."

तर काल घाटात मावशी काय बोलली ते ऐक.

"तुले नाई लागत वं गाडी," ती म्हणाली. "तुले तं बोट बी नोती लागली. म्हणून तं तुह्या मायनं तुले देलं."

मी विचारलं, म्हणजे काय? आणि तिने सहज सांगून टाकलं. तिला वाटलं, आता तू गेलीस, आता काय लपवायचं. तिने लीलाताईला मागितलं होतं. सहलीला निघायच्या आधीच ठरलं होतं. लीला जरा मोठी, समजूतदार, घरात हाताशी येईल. ती सहल लीलाताईला मावशीची सवय व्हावी म्हणूनच होती. पण त्या दिवशी लीला तुझा पदर सोडेना आणि तुझं मन फिरलं. तू मावशीच्या कानाशी लागून म्हणालीस, "लिलीचा जीव जाईन वं तिकडं. शकीले ने. तिले बोट बी लागत नाई. ते कुठंबी तगते."

हे माझं कौतुक होतं तर! मावशीची मान नाही नाही अशी हलली होती, कारण तिला मी नको होते. आणि ज्या शब्दावर मी इतकी वर्षं जगले, तुझी आठवण आली की जो शब्द काढून बघायचे, त्याच शब्दाने तू मला देऊन टाकलंस. जे लेकरू रडतं त्याला कडेवर घ्यायचं आणि जे चालतं त्याला दुसऱ्याच्या दारात सोडायचं, हा कुठला न्याय, माय?

तुझ्या तेरवीलाही तेच झालं. लीलाताई भुईवर अंग टाकून रडली, बायांनी तिला धरलं, पाणी पाजलं. मी पंगती वाढत होते. तुझ्या जाऊबाई म्हणाल्या, "शकुंतलेचं बरं हाय. मनाची लय खंबीर." मी म्हटलं, हो, आणि भाताचं पातेलं उचललं.

आता तुला एक सांगते. हे मावशीला माहीत नाही, माझ्या नवऱ्याला माहीत नाही.

त्या दुपारी तू मला वाघीण म्हणालीस आणि मी लाडू खाल्ला. त्यानंतर मी पाणी आणते म्हणून वरच्या डेकवर गेले. तिथं दोरखंडांचं मोठं वेटोळं पडलं होतं. त्याच्या आड बसून मी ओकले. लाडू, सकाळचा चहा, सगळं. आतडी पिळून निघाली. डोळ्यांसमोर अंधारी आली. शेजारी एक म्हातारी कोकणातली बाई बसली होती. तिने माझं कपाळ धरलं, तोंडात आमसूल दिलं आणि म्हणाली, "आईला बोलवू काय गो?" मी तिचा हात घट्ट धरला. म्हटलं, नको, मायला सांगू नका. मला काही होत नाही असं तिला वाटतं.

मग मी तोंड धुतलं, गालांना चिमटे घेतले आणि हसत खाली आले. तू तशीच पडली होतीस. मी तुझे पाय दाबले.

एकदा जरी तू माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं असतंस तर तुला कळलं असतं. बंडूचं पोट दुखतंय हे तुला तो रडायच्या आधी कळायचं. माझे ओठ पांढरे पडले होते, मावशीला नाही कळलं, ते ठीक आहे. पण तू तर माय होतीस.

माफ केलं असं लिहून हे पत्र संपवता येईल, पण ते खोटं होईल आणि मला आता तुझ्याशी खोटं बोलायचं नाही. राग आहे. तो राहील. त्या नळापाशी तू रडत होतीस की नाही, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि आता कळणारही नाही.

एक वचन मात्र देते. मावशीचा हात मी सोडणार नाही. तू सांगितलंस म्हणून नाही, तू तर पाण्याचा बहाणा करून सांगितलं होतंस. तिने मला मागितलं नव्हतं, तरी जलंब येईपर्यंत तिनेही माझा हात सोडला नव्हता. काल घाटात तिचं ओकणं पुसताना मला पहिल्यांदा वाटलं की त्या गाडीत आम्ही दोघीही फसवून बसवलेल्या होतो. आता तिला उठवते, तिच्या चहाची वेळ झाली. चेहरा पाहून ती विचारेल, काही होतंय का वं तुले. इतकी वर्षं दिलं ते उत्तर आज देणार नाही. हाव, होऊन राह्यलं, म्हणेन.

तुला ते आधी सांगायला हवं होतं. माय, मला बोट लागली होती.

तुझीच,
शकी