सुन्निवाचा लोकरीचा पुंजका

२ सप्टेंबर

आले एकदाची. बोटीत सगळे ओकत होते आणि मी निवांत वाळवलेलं मटण चघळत बसले होते, म्हणजे बेटाला मी पसंत पडणार. राजधानीच्या, टोर्शहाव्हनच्या मोठ्या हॉस्पिटलातून या चार खाटांच्या हॉस्पिटलात स्वतःहून आलेली नर्स बघून इथली मुख्य नर्स बेयाता चाट पडली. रुबार्बचा केक कापला आणि म्हणाली, अगं हाल्ला, इथली माणसं हट्टी आहेत, डोक्यावर बर्फ ठेव.

इंजेक्शनची खोली समुद्राकडे आहे. खिडकी आपटू नये म्हणून कुणीतरी फटीत बोटाएवढा काळा दगड अडकवलाय, त्यावर बारीक बारीक रेघा. छान दिसतो, टेबलावर घेतला. बाकी माझा हात हलका आहे हे मीच सांगून ठेवते, लोक काय नंतर म्हणतीलच.

५ सप्टेंबर

सुन्निवा नावाची म्हातारी आली. मेंढ्या पाळते. रक्त इतकं कमी झालंय की चार पावलांत धाप लागते. बी-बाराची इंजेक्शनं घेतली नाहीत तर हिवाळा निघणार नाही, असं डॉक्टरांनी तिला तोंडावर सांगितलंय. तर या बाईने खिशातून लोकरीचा पुंजका काढला आणि म्हणाली, आधी सुई यातून ओढून दाखव. मी म्हटलं, आजी, पाकीटबंद सुई आहे, लोकरीला लागली की खराब होईल. म्हणाली, मग मी चालले. आणि खरंच चालली. दारात भिंतीला टेकून धापा टाकत होती, पण मागे वळली नाही. मला असा राग आला!

९ सप्टेंबर

बेयाताने उलगडा केला. जुन्या काळी सुया फेकत नसत. उकळायच्या, बोथट झाल्या की दगडावर घासायच्या, आणि टोकाला आकडी राहिली का ते लोकरीतून ओढून बघायचं. आकडी असली की धागा अडकतो. इथली तेव्हाची नर्स एल्सपा भारी काटकसरी. नव्या सुया कपाटात आणि ही जुन्याच घासत बसायची, घाईत उकळायचं राहून जायचं. एका हिवाळ्यात गावात कावीळ पसरली. सुन्निवाची आई त्यात गेली. एल्सपाही गेली. शेवटपर्यंत म्हणे एकच बोलत होती, चांगली सुई आहे, कशाला टाकायची.

मग मीच तोडगा काढला. सुन्निवासमोर दोन पाकिटं फोडली, एक सुई लोकरीला, एक दंडाला. तिने बाही वर केली, पण बजावलं, एकदा जरी अडकली तर मी पुन्हा पायरी चढणार नाही, मेले तरी बेहत्तर. टोचल्यावर म्हणाली, पोरी, कळलंसुद्धा नाही, हलका हात आहे गं तुझा. मी दिवसभर हवेत.

२६ सप्टेंबर

आता गावात सगळ्यांनाच दोन सुया हव्यात. अँब्युलन्सचा ड्रायव्हर हेनिंग धनुर्वाताचं घ्यायला आला, तोही लोकर घेऊन. म्हणाला, सुया दोन, मग पगारही दोन घेतेस का? सुन्निवा आज टेकडी चढून आली आणि जॅमची बरणी ठेवून गेली. गालांवर रंग आलाय. जगणार ही.

११ ऑक्टोबर

एका कोळ्याला सर्दीतापाची लस देताना लोकर अडकली. नवं पाकीट, मीच फोडलेलं. धागा सुईबरोबर ओढला गेला. कारखान्याचा दोष असेल म्हटलं आणि दुसऱ्या सुईने टोचलं. तो हसला. मला हसू येईना.

१९ ऑक्टोबर

पुन्हा अडकली. सगळी खोकी परत पाठवली, नवी आली. त्यांतलीही अडकली. सुन्निवाच्या वेळी मात्र गुळगुळीत जाते. देवाची कृपा.

बोटांची टोकं करडी पडलीत. साबणाने जात नाही.

३० ऑक्टोबर

बेयाताने टेबलावरचा दगड आज पहिल्यांदाच नीट पाहिला आणि झटकन मागे सरली. हा एल्सपाचा, म्हणाली. तिच्याबरोबर पुरला होता. मी तो कड्यावरून समुद्रात टाकला. परत येताना अंगठा बोटावर घासत होता. आपोआप.

८ नोव्हेंबर

वापरलेल्या सुया टाकायची पिवळी पेटी आज बदलायची होती. आल्यापासून मी तिच्यातच टाकतेय. उचलली तर हलकी. हलवली तर वाजली नाही.

मग सुया —

आणि लोकरीतून मी पहिलीच ओढत होते. दंडात गेलेली दुसरी कुणीच तपासली नाही. मीसुद्धा.

१८ नोव्हेंबर

हेनिंगचे डोळे पिवळे झालेत.

बेयाता रडत होती. म्हणाली, पेशंटशी गप्पा मारताना तू सुई खिडकीच्या दगडी कडेवर घासतेस, पहिल्या आठवड्यापासून बघतेय, मला वाटलं शहरातली सवय असेल. मी नाही घासत. मला आठवत नाही. मी —

१९ नोव्हेंबर

सुयांच्या कपाटाला कुलूप. किल्ली बेयाताकडे. ती हेनिंगला घेऊन टोर्शहाव्हनला गेलीय, दुपारच्या बोटीने दुसरी नर्स आणणार. तोवर कशालाही हात लावायचा नाही.

सुन्निवा लवकर आली. टेबलाशेजारी बसलीय, बाही वर करून. लोकर आणली नाही. म्हणाली, तुझ्यावर विश्वास बसला आता, कशाला ते थेर. मी सांगितलं, आजी, आज मी नाही देणार, थांबा. घरी जा म्हटलं तर पुन्हा येणार नाही, आणि नाही आली तर —

म्हणून लिहितेय. लिहीत राहिलं की हात गुंतलेला राहतो. उजवा हात इथे आहे, कागदावर, मला दिसतोय.

डावा एप्रनच्या खिशात आहे. खिसा जड आहे. खिशात काहीतरी टोचतंय, पुष्कळ —

डावा खिशात नाही.

सुन्निवा हसतेय. म्हणतेय, पोरी, झालंसुद्धा? कळलंच नाही, किती हलका गं तुझा